अडतीस माफीपत्रं

"स्वतःवर माया करा," असं त्या पत्राच्या वर लिहिलं होतं, आणि अगदी खाली, "अनुपस्थित राहणाऱ्यांकडून खुलासा मागवण्यात येईल."

भाग्यश्री बाईंनी ते मोबाइलवर दोनदा वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी काय काय प्रशिक्षणं पचवली होती! गणिताच्या पेटीचं झालं, आनंदानं शिकवायचं झालं, टॅबचं झालं, एकदा तर हात कसे धुवावेत याचं दोन दिवसांचं झालं आणि त्या हॉलच्या नळाला पाणी नव्हतं. आता हे नवीन खूळ. शिक्षक, अंगणवाडीच्या सेविका, आशाताया, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची पोरं निस्तरणारे जेवढे म्हणून आहेत, त्यांनी स्वतःशी प्रेमानं कसं वागावं ते शिकवायला मुंबईची एक संस्था येणार होती. शुक्रवारी, पळसदरीच्या एका रिसॉर्टवर, नाश्ता-जेवणासकट.

"म्हणजे माया नाही केली तर नोटीस," बाई दहिवलीला घरी नवऱ्यासमोर म्हणाल्या. "एवढी सक्ती तर माझ्या सासूनं पण कधी केली नव्हती."

एरवी त्यांनी सरळ डोकेदुखीचा अर्ज टाकला असता. पण त्या रिसॉर्टवर त्यांचं एक काम होतं.

बाईंची शाळा बेहड्याच्या वाडीवर. डोंगराच्या पायथ्याला ठाकरांची तीस-पस्तीस घरं, एक ओहोळ, एक शाळा. शाळेचा पट नऊ. दहाच्या खाली पट गेला की शाळा बंद करून पोरं ओहोळापलीकडच्या शाळेत घालणार, असा बोभाटा वरून चालू होता, आणि सप्टेंबरअखेरचा आकडा कळवायचा होता. गणपती उठून आठवडा झाला होता. म्हणजे बाईंना एक पोर हवं होतं, आणि वाडीत बरोबर एकच पोर शाळेबाहेर होतं. आवडी. वय वर्षं सहा, तोंडानं चुरुचुरु, दिवसभर आजीच्या मागे मागे. बाई तिच्या घरी दोनदा जाऊन आल्या. आजी अंबूबाई दोन्ही वेळा कोंबड्यांना दाणे टाकत होती आणि दोन्ही वेळा तिनं तेच सांगितलं.

"मी कोन सांगनार, बाई? पोरीची आई नको म्हनते. चिंधीला इचारा. ती पळसदरीच्या हाटेलात कामाला हाय."

"पण का नको म्हणते?"

अंबूबाईनं मान वर केली. "तुमाला ठावं नाय व्हय?"

बाईंना चांगलं ठाऊक होतं. पण ठाऊक असलेलं ठाऊक नसल्यासारखं करायची त्यांना पंधरा वर्षांची सवय होती. त्या "बघते" म्हणाल्या आणि निघून आल्या.

शुक्रवारी रिसॉर्टच्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या होत्या. चपला-बूट बाहेर काढायला लावले तेव्हाच निम्म्या लोकांचे चेहरे उतरले, कारण बऱ्याच जणांच्या मोज्यांना भोकं होती. मधोमध एक पितळी वाटी आणि तिच्याजवळ लाकडी दांडका. प्रशिक्षक ऋतिका मॅडम, तिशी-बत्तिशीच्या, खादीची साडी, आवाज इतका मऊ की पंखा चालू असला तर ऐकू येऊ नये. त्यांनी दांडका वाटीवर मारला. टण्ण झालं. "हा आवाज विरेपर्यंत फक्त श्वासाकडे लक्ष द्या," त्या म्हणाल्या.

आवाज विरायच्या आत रूपाली घोरायला लागली. रूपाली ही ओहोळापलीकडच्या शाळेची बाई आणि भाग्यश्री बाईंची जुनी मैत्रीण. टेकायला भिंत मिळाली की तिचं प्रशिक्षण पूर्ण व्हायचं.

"आता छातीवर हात ठेवा आणि स्वतःला म्हणा, मी थकले आहे, आणि ते ठीक आहे."

अडतीस हात अडतीस छात्यांवर गेले. केंद्रप्रमुख विकास सरांनी एक हात छातीवर ठेवून दुसऱ्या हातानं सगळ्यांचा फोटो काढला, कारण फोटो वर गेला नाही तर कार्यक्रम झालाच नाही असं धरतात. भाग्यश्री बाईंनी त्या गोलावरून एकदा नजर फिरवली आणि त्यांना अगदी शिसारी आली. ही रूपाली, हिला थकायला काय झालं? हे ओमकार सर, सकाळी शाळेत तोंड दाखवून दुपारी शिळफाट्याला गिऱ्हाइकांना प्लॉट दाखवत फिरतात, हे कशानं दमले? आणि ह्या मॅडम, ह्यांनी जन्मात एक तरी शेंबडं नाक पुसलंय का? आल्या आम्हाला माया शिकवायला!

"समजा, तुमच्या जिवलग मैत्रिणीच्या हातून चूक झाली," मॅडम विचारत होत्या. "तुम्ही तिला काय म्हणाल?"

"म्हणेन, केलंस ना, आता निस्तर," बाई पुटपुटल्या. शेजारची आशाताई फिस्सकन हसली.

मॅडमही हसल्या. खरं सांगायचं तर ती मुलगी वाईट नव्हती. "स्वतःशी नरम बोलायचं ते निसटून जायला नाही," असं ती मधेच म्हणाली, "आपण जे केलं त्याकडे डोळे उघडून बघवावं म्हणून." दिवसभरात एवढं एकच वाक्य कामाचं होतं, आणि ते पडद्यावर नव्हतं म्हणून कुणी वहीत घेतलं नाही. भाग्यश्री बाईंनीही नाही.

मग चहा घेऊन चिंधी आली. निळा गणवेश, केस जाळीत, हातात ट्रे. बाईंची या वाडीवर दुसऱ्यांदा बदली होऊन तीन वर्षं झाली होती, पण चिंधी सकाळी सातलाच कामाला जायची आणि बाई गेल्यावर घरी यायची. गाठ पडली नव्हती, आणि पडू नये याची दोघींनीही काळजी घेतली होती. तरी बाईंनी तिला लांबून ओळखलं. मान ताठ ठेवून चालायची ढब तीच.

"घ्या बाई," ती म्हणाली. बाकीच्यांना म्हणाली होती त्याच सुरात.

"चिंधे, जरा बोलायचं होतं गं."

"कामावर बोलत नाय आमी," म्हणून ती पुढच्या खुर्चीकडे गेली.

जेवणाच्या वेळी बाईंनी मुद्दाम ती वाढत होती ती रांग धरली. "तुझी आवडी फार हुशार आहे हं," त्यांनी साखर पेरली. "सहा वर्षांची झाली. शाळेत पाठव ना."

चिंधीनं गुलाबजामचा डाव तसाच धरला. "किती कमी पडत्यात, बाई?"

"एक," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

"वाटलंच," चिंधी म्हणाली. तिनं ताटात दोन गुलाबजाम घातले आणि बाईंच्या मागच्या माणसाकडे बघितलं.

बाईंना असा संताप आला की गुलाबजाम घशाखाली उतरेना. काल परवाची पोर, जिला मी अक्षर गिरवायला शिकवलं, ती मला तोंड वर करून बोलते! ह्यांचं भलं करायला जावं तर हे असं. जेवण टाकून त्या हात धुवायला गेल्या आणि आरशात स्वतःचं तोंड दिसलं तेव्हा त्यांनी नळ उगीचच जोरात सोडला.

जेवणानंतर मॅडमनी सगळ्यांना एकेक कोरा कागद दिला. "एखादा प्रसंग आठवा," त्या म्हणाल्या. "तुम्ही एखाद्या मुलाशी चुकीचं वागलात आणि त्याबद्दल स्वतःला कधी माफ केलं नाहीत. आता स्वतःलाच पत्र लिहा, जिवलग मैत्रीण लिहील तसं. हे पत्र तुमच्याचजवळ राहील."

कागद मिळाले तसे गोलातले सगळे डोळे भाग्यश्री बाईंकडे वळले. यात नवल काही नव्हतं. प्रत्येक प्रशिक्षणाच्या शेवटी अहवाल लिहून द्यावा लागतो, आणि गेली बारा वर्षं या केंद्रात तो अहवाल भाग्यश्री बाई लिहायच्या. बाकीचे तो उतरवून घ्यायचे, वरचं नाव आणि शाळा बदलायची की झालं. बाईंचं अक्षर मोत्यासारखं, भाषा साहेबाला आवडेल अशी. याला कुणी कॉपी म्हणत नसे. याला सहकार्य म्हणत.

"भाग्यश्री, आटप गं, मला साडेपाचची गाडी गाठायचीय," रूपाली जांभई देत म्हणाली.

बाईंनी मुकाट पेन उघडलं. एका मुलानं गृहपाठ केला नाही म्हणून मी त्याला रागावले, असं काहीतरी गुळमुळीत दोन ओळी लिहिल्या. तेवढ्यात दारातून चिंधी उष्ट्या ताटांची चळत घेऊन गेली. बाईंनी तो कागद चुरगाळला, दुसरा मागून घेतला, आणि काय होतंय ते कळायच्या आत त्या खरं लिहायला लागल्या.

पंधरा वर्षांपूर्वी शाळेची तपासणी होती. सहावीत चिंधी नावाची मुलगी होती. वर्गात तिच्यासारखं वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. धडा वाचायला लागली की पहिलीची पोरं सुद्धा येऊन खिडकीत उभी राहायची. त्या सकाळी ती आईबरोबर कर्जतला मोळी विकून तशीच पळत शाळेत आली होती. फ्रॉक मळलेला, बाही उसवलेली, केसांत काटक्या. साहेबांची गाडी ओहोळापर्यंत आली होती. बावीस पोरांसमोर बाई तिला म्हणाल्या, "ऊठ तिथनं. पुढं बसू नको, अंगाला वास येतोय. जा, मागं खिचडीकडं बघ. तुमच्या हातात पुस्तकापेक्षा पळीच शोभते." साहेबांनी धडा वाचायला सांगितला तेव्हा वर्गातल्या रूपेशनं वाचला, अडखळत, ओळी गाळत. चिंधी मागच्या शेडमध्ये खिचडी ढवळत ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. लग्न झालं असेल, असं बाईंनी हजेरीत आणि मनात दोन्हीकडे लिहून टाकलं होतं.

हे लिहून झालं आणि मग मैत्रिणीची भाषा सुरू झाली. ती तर बाईंच्या हातचा मळ. "त्या दिवशी तुझ्यावर तपासणीचा ताण होता. तुलाही वरून बोलणी खावी लागत होती. तू माणूस आहेस. तुझा हेतू वाईट नव्हता. मी तुला मनापासून माफ करते." शेवटचा पूर्णविराम दिला आणि बाईंना खरोखर हलकं वाटलं. छातीवरची धोंड कुणी उचलून बाजूला ठेवावी तसं. अरेच्चा, हे तर सोपं आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांना ऋतिका मॅडम जरा बऱ्या वाटल्या.

तेवढ्यात विकास सरांनी हाक मारली. "मॅडम, प्रमाणपत्रांवरची नावं जरा बघता का, छापणाऱ्यांनी सगळ्या नावांची वाट लावलीय." बाईंनी कागद पाण्याच्या बाटलीखाली ठेवला आणि त्या टेबलाशी गेल्या.

वीस मिनिटांनी परत आल्या तर हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू यावी. सगळे माना खाली घालून लिहीत होते. ऋतिका मॅडम हात जोडून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"झालं बाई माझं," रूपालीनं पेनाचं टोपण लावलं. "तुझ्या कागदाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. काय लिहिलंयस गं! अगदी खरं वाटतं."

बाईंनी रूपालीचा दंड धरला. "अगं बये, निदान नाव तरी बदललंस का?"

"लिहिलंय की वर माझं."

"तुझं नाही! चिंधीचं!"

"ते कशाला? असू दे की, गोष्टीतलंच तर आहे."

बाईंनी शेजारी वाकून बघितलं. आशाताईनं लिहिलं होतं की तपासणीच्या दिवशी तिनं चिंधीला वर्गातून उठवलं. तिला वर्ग कुठला, ती घरोघर गोळ्या वाटते. पलीकडे ओमकार सर, एवढ्या दाढीमिशांचा बाप्या, त्यांनीही "मी तिला म्हणाले" असंच छापून काढलं होतं. निर्लज्ज मेले! स्वतःचं पाप सुद्धा ह्यांना स्वतःचं लिहिता येऊ नये? बाईंना ओरडावंसं वाटलं. पण ओरडून सांगणार काय? की ते माझं आहे, द्या परत?

"पत्रं गोळा करा," विकास सर म्हणाले.

"सर, ती खासगी आहेत," ऋतिका मॅडम दचकल्या.

"मॅडम, वर पुरावा लागतो. गठ्ठ्याचा एक फोटो काढतो, मग पाहिजे तर जाळा."

गठ्ठा झाला, फोटो झाला. मॅडमनी मग फार संकोचानं विचारलं, नाव न घेता एखादं वाचलं तर चालेल का? सगळ्यांनी माना डोलावल्या. यांना कशालाच नाही म्हणायची सवय नव्हती. मॅडमनी वरचं पत्र वाचलं. चिंधी, तपासणी, खिचडी, पळी, माफ करते. मग दुसरं उचललं. चिंधी, तपासणी. त्या थबकल्या. तिसरं उघडलं, चौथं उघडलं.

"ही... चिंधी कोण आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

बाईंनी खुर्चीची कड घट्ट धरली. आणि मग ओमकार सर उभे राहिले. प्लॉट विकणारा माणूस तो, त्याला काय अवघड?

"मॅडम, चिंधी हे प्रतीक आहे," ते म्हणाले. "आमच्यासाठी प्रत्येक दुर्लक्षित मूल म्हणजे चिंधी."

"अप्रतिम!" मॅडमनी दोन्ही हात छातीवर ठेवले. "बघा ना, किती जणांच्या मनात एकच जखम! आपण एकटे नाही आहोत." आणि अडतीस लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजत असताना दारात चिंधी उभी होती. हातात कांदाभज्यांचं ताट. तिनं आपलं नाव ऐकलं होतं, एकदा नाही, चारदा. तिनं ताट टेबलावर ठेवलं, हात पुसले, आणि सबंध गोलात बरोबर एका माणसाकडे बघितलं. बाईंनी मान खाली घातली.

पत्रं त्या पितळी वाटीजवळ जाळायची मॅडमची फार इच्छा होती, पण मॅनेजर धावत आला, हॉलमध्ये विस्तव चालणार नाही म्हणाला. विकास सरांनी गठ्ठा उचलून जवळ उभ्या असलेल्या चिंधीच्या हातात दिला. "ताई, एवढं मागं नेऊन बंबात घाला."

"घालते," चिंधी म्हणाली.

मग प्रमाणपत्रं झाली. मग छातीवर हात ठेवून सगळ्यांचा फोटो झाला. भाग्यश्री बाई दुसऱ्या रांगेत उभ्या होत्या आणि त्यांच्या हाताखाली काळीज धाडधाड उडत होतं. फोटो निघाला तशी त्यांनी पर्स उचलली आणि "आलेच" म्हणून त्या मुदपाकखान्याच्या मागच्या बाजूला गेल्या.

चिंधी बंबाजवळ प्लॅस्टिकच्या क्रेटवर बसली होती. बंब पेटलेला होता, पण गठ्ठा तिच्या मांडीवर होता. ती एकेक पत्र वाचत होती, ओळीखालून बोट फिरवत. तसं बोट फिरवायला तिला बाईंनीच शिकवलं होतं.

"चिंधे..."

"थांबा बाई, आठ राहिल्यात."

बाई थांबल्या. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, रूपाली हाका मारायला लागली. चिंधीनं आठही वाचली, काही गाळलं नाही. मग गठ्ठा नीट ठोकून सारखा केला.

"ह्या समद्यांनी मला खिचडीकडं पाठवलं व्हतं व्हय? मला तर येकच बाई आठवते."

"त्यांनी माझं उतरवून घेतलं गं."

चिंधी हसली. मोठ्यानं नाही, नाकातून. "आमी कॉपी केली तर पट्टी मारायचा तुमी." मग ती हसायची थांबली. "अडतीस चिठ्ठ्या, बाई. समद्यांत माझं नाव. आन् एक बी मला लिवलेली नाय."

बाईंना वाटलं, कुणीतरी भर बाजारात आपल्या अंगावरचा पदर ओढला. सकाळपासून त्या ज्यांना हसत होत्या, नाकं मुरडत होत्या, त्या सगळ्यांत आपणच पहिल्या नंबरच्या निघालो, हे त्यांना लख्ख दिसलं. बाकीच्यांनी निदान खोटी माफी उतरवून घेतली होती. खरी चूक करून स्वतःच माफी लाटणारं माणूस त्या हॉलमध्ये एकच होतं.

"चुकलं माझं," त्या भराभरा म्हणाल्या. "मला माफ कर चिंधी. शपथेवर सांगते..."

"हितं? बंबामागं?" चिंधी उठली. "बोलला तवा बावीस पोरं व्हती. आमच्या वाडीत रीत हाय, बाई, तुमाला ठावं हाय. चारचौघांत बोललेला शब्द चारचौघांतच मागं घ्यायचा. कानात सांगितलेला आमी धरत नाय. ज्यानं बोललं त्यानं उभं ऱ्हायाचं, ज्याला बोललं त्यानं बसायचं."

"अगं, पण ती पोरं आता..."

"वाडीतच हायत. पोरांचे आईबाप झाल्यात. उद्या शनवार, सकाळची शाळा. मी दुपारपाळी घेते. बोलवणं तुमी करायचं, घरोघर." तिनं गठ्ठा बंबात घातला आणि झाकण लावलं. "नायतर पट नऊच ऱ्हाऊ द्या."

त्या संध्याकाळी बाई दहिवलीला गेल्या नाहीत. रिक्षा करून वाडीवर गेल्या आणि दारोदार फिरल्या. दर दारात तोंड उघडायची त्यांना लाज वाटत होती. गणनेला, लसीला, मतदारयादीला ह्याच दारांत त्यांनी हुकूम सोडले होते. रूपेश टेंपो धूत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तपासणीचं व्हय? येतो की बाई. माझी बी लई फजिती झाली व्हती त्या दिशी." रूपालीचा फोन आला तेव्हा बाई ओहोळावर होत्या. "अगं सोड ना," रूपाली म्हणाली, "मॅडमनी सांगितलंय ना, स्वतःला माफ कर आणि पुढं चल." बाईंनी फोन कट केला. आयुष्यात पहिल्यांदा रूपालीचा राग आला नाही, किळस आली, आणि त्यात निम्मी स्वतःचीच होती.

शनिवारी वर्गात नऊ पोरं होती आणि भिंतीला टेकून अकरा मोठी माणसं. बाकीची कामाला गेली होती. अंबूबाई आवडीचा हात धरून दारात. चिंधी धुतलेली साडी नेसून आली, सगळ्यांच्या मधून चालत गेली आणि पहिल्या ओळीत सतरंजीवर मांडी घालून बसली. पंधरा वर्षांपूर्वी उठवलं होतं, त्याच जागेवर. बाई फळ्याजवळ उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी शाळेची तपासणी होती," त्यांनी सुरुवात केली. रात्री घोकलेलं होतं. "माझ्यावर वरून फार ताण..."

"ते चिठ्ठीत वाचलं, बाई," चिंधी खालून म्हणाली. "अडतीस येळा. फुडचं बोला."

रूपेश फसकन हसला, आणि मग कुणीच हसलं नाही. बाईंनी पुढचं आठवून बघितलं. घोकलेलं सगळं पुसलं गेलं. एवढ्या लोकांसमोर, ज्यांना त्या इतकी वर्षं "तुम्हा लोकांना काय कळणार" असं म्हणत आल्या होत्या, त्यांच्यासमोर आता उभं राहून बोलायचं होतं. त्यांनी डोळे मिटले नाहीत, चिंधीकडेच बघितलं.

"हिच्या अंगाला वास येत नव्हता," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले. हिच्या फाटक्या फ्रॉकची मला साहेबांपुढं लाज वाटली. सगळ्यांत चांगलं वाचणारी हीच होती, ते मला माहीत होतं, तरी मी हिला उठवलं. पळीचं जे बोलले ते फार वाईट बोलले. चिंधी, मी शब्द मागं घेते."

भिंतीजवळ कुणीतरी खाकरलं. आवडी आजीचा हात सोडून आईजवळ येऊन उभी राहिली होती. बाई वाट बघत होत्या. अजून कशाची, ते त्यांनाच कळत नव्हतं.

"केलंस का गं माफ?" शेवटी त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक निघाला.

"ते बघू," चिंधी म्हणाली.

ती उठली, साडी झटकली आणि आवडीच्या दोन्ही खांद्यांना धरून तिला आपल्या रिकाम्या जागेवर बसवलं.

"हिला हितंच बसवायची," ती म्हणाली. "साहेब आलं तरी."